सगळे खापर जुन्या आजाराच्या माथी नको

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे गुडघेदुखी, ॲसिडिटी आणि मधुमेहाबद्दल असतात. गेल्या पंधरवड्यात मात्र एक वेगळे पत्र आले. पत्रलेखकाच्या आईचे वय ६४. तिला चाळिशीच्या सुमारास मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार असल्याचे निदान झाले. आता जोडीला ब्लडप्रेशर आणि मधुमेहही आला आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत. हा आजार म्हातारपणी वाढतो का? त्याची औषधे बी.पी.-शुगरच्या गोळ्यांबरोबर चालतात का? आणि तिसरा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा : ‘आईला काहीही झाले की आम्ही ते जुन्या दुखण्याचेच समजतो, हे बरोबर आहे का?’

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर आहे, ‘नाही’. पण नुसते ‘नाही’ म्हणून भागणार नाही, म्हणून आजचा लेख.

प्रथम हा आजार काय आहे ते थोडक्यात पाहू. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांमधून असंख्य मज्जातंतू जातात. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली आपली प्रतिकारशक्ती काही माणसांत चुकून या आवरणावरच हल्ला करते. आवरण जागोजागी निघून जाते आणि तिथे कडक चट्टे तयार होतात. ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक आणि ‘स्क्लेरॉसिस’ म्हणजे कडक होणे. पॅरिसचे प्रख्यात डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. डॉक्टर मंडळी त्याला एम.एस. म्हणतात, आपणही तेच म्हणू. चट्टा जिथे पडेल तशी तक्रार असते. डोळ्याच्या नसेवर पडला तर एका डोळ्याने धूसर दिसते, मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा कमी होतो. हा आजार संसर्गजन्य नाही, वेडाचा प्रकार नाही आणि कुणाच्या पापाचे फळही नाही.

तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो. जगभरात अठ्ठावीस लाखांहून अधिक लोकांना तो आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्या देशात प्रमाण कमी. अपवाद पारशी समाजाचा. मुंबईचे नामवंत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पारशी समाजात दर लाखामागे सुमारे २६ रुग्ण आढळले होते, म्हणजे इतर भारतीयांच्या कितीतरी पट. एम.आर.आय. मशीन जिल्ह्याजिल्ह्यांत आल्यापासून आपल्याकडेही निदान वाढले आहे. माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरकडेही आता असे चार-पाच पेशंट असतात. त्यांतले काही साठी ओलांडलेले आहेत.

म्हातारपणी काय बदलते?

तरुणपणी हा आजार उसळ्या मारतो. दोन-चार दिवसांत एखादी तक्रार वाढते, काही आठवडे राहते, मग पूर्ण किंवा अर्धवट ओसरते. वय वाढते तशा उसळ्या कमी होतात. पन्नाशी-साठीनंतर बऱ्याच पेशंटना वर्षानुवर्षे एकही उसळी येत नाही. हे ऐकून घरच्यांना हायसे वाटते, पण दुसरी बाजू अशी की पूर्वी झालेली झीज मात्र हळूहळू पुढे सरकत राहते. गेल्या दिवाळीला अंगणापर्यंत काठीशिवाय जाणारी आई या दिवाळीला काठी मागते, असा तो प्रकार असतो. पत्रलेखकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. उसळ्या घटतात, थकवा आणि चालण्याची अडचण वाढू शकते, आणि हे सगळ्यांत सारखे होत नाही.

या गोष्टीचा व्यवहारात फार उपयोग आहे. साठीच्या पेशंटला अचानक काही नवे झाले, तर ती एम.एस.ची उसळी असण्यापेक्षा दुसरेच काही असण्याची शक्यता जास्त. नेमके हेच घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. आजाराला एकदा मोठे इंग्रजी नाव मिळाले की पुढची सगळी दुखणी त्याच खात्यावर जमा होतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांची गोष्ट सांगतो. वय ६१, एम.एस. जुना, काठी घेऊन घरात फिरणाऱ्या. एप्रिल महिन्यात दोन मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून दवाखान्यात आणले. दोन दिवसांपासून पायच उचलत नव्हते. मुलांचे म्हणणे, ‘डॉक्टरसाहेब, आजार उसळला. पुण्याला लावले होते ते सलाईनमधले स्टिरॉईड लावून टाका.’ बाईंना ताप नव्हता, लघवीला जळजळ नव्हती. पण त्या थोड्या गोंधळल्यासारख्या बोलत होत्या आणि लघवीला उग्र वास येतो असे सुनेने सांगितले. लघवी तपासली तर पू-पेशींनी भरलेली. नमुना कल्चरला पाठवला आणि अँटिबायोटिक सुरू केले. पाचव्या दिवशी बाई काठी टेकत स्वतः दवाखान्याची पायरी चढल्या. त्याच दिवशी स्टिरॉईड लावले असते तर आतला जंतुसंसर्ग बळावला असता, आणि त्यांना मधुमेह असल्याने शुगर तीनशेच्या वर गेली असती ती वेगळीच.

असे का होते? आवरण गेलेली नस म्हणजे उघडी तार. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तिच्यातून संदेश नीट जात नाही. वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या तक्रारी पुन्हा वर येतात. जर्मनीचे नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० साली ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. ही खरी उसळी नव्हे, तिचे सोंग आहे. नवा चट्टा पडलेला नसतो. ताप, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, कडक ऊन, अगदी कढत पाण्याची अंघोळसुद्धा हे सोंग उभे करते. आपल्या खानदेशात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा एम.एस.चा प्रत्येक पेशंट थोडाफार ढासळतो. त्यांनी सकाळी दहानंतर घराबाहेर पडू नये, अंघोळ कोमट किंवा गार पाण्याने करावी, मानेवर ओला पंचा ठेवावा, कूलर असेल तर त्यापुढे बसावे. लघवी सारखी होते म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी पिणारे बरेच असतात. त्यातून संसर्गच होतो.

साधा नियम असा. तक्रार चोवीस तासांपेक्षा जास्त टिकली, ताप नाही, लघवीची तपासणी स्वच्छ आहे, उन्हाचा त्रास झालेला नाही, एवढे पाहून झाल्यावरच उसळीचा विचार करावा. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीतल्या संसर्गात ताप किंवा जळजळ असेलच असे नाही, नुसता गोंधळ आणि अशक्तपणा असू शकतो.

याच्या उलट दुसरा प्रकार, आणि तो अधिक गंभीर. ६८ वर्षांचे एक गृहस्थ सकाळचा चहा घेत असताना त्यांच्या हातातला कप पडला, तोंड वाकडे झाले, शब्द नीट फुटेनात. घरात एम.एस. ठाऊक होता. ‘जुन्याच आजाराने डोके वर काढले, संध्याकाळपर्यंत पाहू’ असे ठरले. संध्याकाळी मला फोन आला. तो पक्षाघात होता, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ही गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ अंगणात बसून निघून गेली होती. त्यांचा उजवा हात आजही कामाचा नाही.

फरक ओळखण्याची खूण घड्याळात आहे. एम.एस.ची उसळी काही तासांत, बहुधा काही दिवसांत चढते. पक्षाघात काही मिनिटांत होतो. चांगले बोलत असलेल्या माणसाचे तोंड, हात किंवा बोलणे एकाएकी गेले, तर त्याला पूर्वी कोणताही आजार असो, गाडी काढून सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यावे. आमच्यासारख्या डॉक्टरचा सल्ला घ्यायलाही थांबू नये. फोन रस्त्यात करता येतो.

बाकीचे भागीदार

सावकाश वाढणाऱ्या तक्रारींतही असेच भागीदार दडलेले असतात. पायाला मुंग्या येतात. हा एम.एस. की मधुमेहाने झिजलेल्या नसा, की बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता? आपल्याकडे शुद्ध शाकाहारी कुटुंबांत बी-१२ कमी असणे अगदी नेहमीचे आहे. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची झाली असेल, तर ते आणखी घटते. बी-१२ ची कमतरता मज्जारज्जूलाही इजा करते आणि हुबेहूब एम.एस.सारखे चित्र उभे करते. तपासणी एका रक्ताच्या नमुन्याची आणि उपाय इंजेक्शनचा. तो चुकवण्यात काहीच शहाणपण नाही.

मानेचे मणके झिजून मज्जारज्जूवर दाब येणे हेही या वयातले दुखणे. हातांची बोटे बोथट होणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चाल अडखळणे ही लक्षणे दोन्हींत सारखी. दाब असेल तर ऑपरेशनने फायदा होऊ शकतो, म्हणून हात नव्याने बिघडत असतील तर मानेची तपासणी मागून घ्यावी.

इथे डॉक्टरच्या साध्या रबरी हातोडीची थोडी तरफदारी करतो. गुडघ्याखाली आणि टाचेमागे ती मारली की एम.एस.मध्ये पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. मधुमेहाने नसा झिजल्या असतील तर टाचेची प्रतिक्रिया मंदावते किंवा नाहीशी होते. दोन्ही आजार एकत्र असले की चित्र सरमिसळ होते हे खरे, पण तरीही निम्मी दिशा कळते. तपासणीला एक मिनिट लागते आणि खर्च शून्य. हल्ली आधी मशीन आणि मग हात, असा उलटा क्रम झाला आहे. असो.

पुरुषांत लघवीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. रात्री पाच वेळा उठावे लागते ते एम.एस.मुळे की प्रोस्टेट वाढल्यामुळे? सोनोग्राफीत लघवी करण्यापूर्वी आणि केल्यानंतर मूत्राशयात किती लघवी राहते ते मोजता येते. बरीच उरत असेल तर ‘घाई कमी करणारी’ गोळी उलट तुंबवेल. दृष्टीचेही तेच. नजर मंदावली की ‘नस गेली’ असे म्हणून लोक गप्प बसतात, आणि निघतो साधा मोतीबिंदू, जो स्टिरॉईडच्या जुन्या कोर्सांमुळे लवकर येऊ शकतो.

रक्तदाब आणि शुगर : खरी लढाई इथे

आता लेखातली सर्वांत कामाची गोष्ट. कॅनडाच्या डॉ. रूथ ॲन मॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उत्तर अमेरिकेतल्या सुमारे नऊ हजार एम.एस. रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. निदान झाल्यापासून चालायला आधार लागेपर्यंत किती वर्षे गेली हे त्यांनी पाहिले. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकार यांपैकी काही नव्हते त्यांना साधारण १८.८ वर्षांनी आधार लागला. ज्यांना यांपैकी काही होते त्यांना १२.८ वर्षांनीच. म्हणजे सहा वर्षांचा फरक.

सहा वर्षे स्वतःच्या पायांनी चालणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याला समजावून सांगायला नको. एम.एस.वरची भारी औषधे महाग असतात, सगळ्यांना परवडत नाहीत. बी.पी.ची गोळी मात्र दिवसाला काही रुपयांत मिळते, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळते. तरी होते असे की घरातल्या सगळ्यांचे लक्ष मोठ्या आजारावर, आणि बी.पी. सहा-सहा महिने कुणी मोजतच नाही. न्यूरॉलॉजिस्टला भेटायला जळगाव-नाशिक गाठायचे, तिथे पाच मिनिटांत एम.एस.चेच बोलणे होते, आणि शुगर-बी.पी. कुणाच्याच वाट्याला येत नाही. शरीराची अशी वाटणी झाली की सरहद्दीवरचे रोग मोकाट सुटतात. म्हणून अशा पेशंटचा एक डॉक्टर जवळचा असावा, ज्याच्याकडे सगळे कागद आहेत.

बीडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एम.एस. अधिक वेगाने पुढे सरकतो हे आता पुरेसे सिद्ध आहे. ती वयाच्या साठीलाही सोडण्यात फायदा आहे. व्यायामाबद्दल पूर्वी ‘थकवा येईल, पडून राहा’ असे सांगत. तो सल्ला आता कुणी देत नाही. सकाळच्या गारव्यात जमेल तेवढे चालणे, खुर्चीत बसून पाय हलवणे, जागच्या जागीची सायकल, यांनी शुगर, बी.पी., बद्धकोष्ठ आणि झोप या सगळ्यांनाच मदत होते. दमेपर्यंत करू नये, मध्ये बसावे, पुन्हा करावे.

गोळ्यांचे भांडण

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : बहुतेक औषधे एकत्र चालतात, पण काही जोड्या ठाऊक असायलाच हव्यात. हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये, फक्त डॉक्टरांना विचारावे.

पाय ताठरणे कमी करण्यासाठी टिझॅनिडीन देतात. त्याने बी.पी. खाली येते आणि झापड येते. बी.पी.च्या गोळ्या चालू असतील तर उठताना भोवळ येऊन माणूस पडतो. त्यात लघवीच्या संसर्गासाठी कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले, तर टिझॅनिडीनचे रक्तातले प्रमाण अनेक पटींनी वाढते. ही जोडी वर्ज्य आहे. आणि पाहा, ताठर पाय आणि लघवीचा संसर्ग या दोन्ही तक्रारी एम.एस.च्या एकाच पेशंटला असतात, म्हणजे ही जोडी जुळण्याची शक्यता किती मोठी! मेडिकल दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नये, त्याचे हे एक कारण.

ताठरपणासाठीच दुसरे औषध बॅक्लोफेन. ते किडनीवाटे बाहेर पडते. मधुमेहाने किडनी अधू झाली असेल तर नेहमीचाच डोस अंगात साठतो आणि पेशंट सुस्त, असंबद्ध बोलणारा होतो. घरचे म्हणतात, ‘मेंदूपर्यंत गेले.’ पण हेच औषध एकदम बंद केले तर फिट येऊ शकते. गावाला जाताना गोळ्या विसरल्या, असे या औषधाच्या बाबतीत होता कामा नये.

लघवीची घाई कमी करणारे ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन, सर्दीची नेहमीची गोळी. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या दिवशी दिलेली. तिन्हींचा एक गुण समान. तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, लघवी तुंबते आणि वयस्कर माणसाची स्मरणशक्ती धूसर होते. विसरभोळेपणा वाढला की आधी गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहावी.

एम.एस.च्या मूळ औषधांपैकी फिंगोलिमॉड या कॅप्सूलने नाडी मंदावते, विशेषतः पहिल्या डोसला. म्हणून तो डोस देऊन पेशंटला सहा तास नजरेखाली ठेवतात. बी.पी.साठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर ते आधी सांगितलेच पाहिजे. याच औषधाने डोळ्याच्या पडद्याला सूज येऊ शकते आणि मधुमेह्यांना तो धोका जास्त, म्हणून डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करावी. रिटुक्सिमॅबचे इंजेक्शन आपल्याकडे बरेच वापरले जाते. त्याआधी कावीळ-बी आणि टी.बी.साठी तपासणी करून घेतात, ती टाळू नये. स्टिरॉईडचा कोर्स घ्यावाच लागला तर मधुमेह्याने ग्लुकोमीटर जवळ ठेवावे आणि शुगर फक्त सकाळी उपाशीपोटी न पाहता दुपारी-संध्याकाळीही पाहावी. उपाशीपोटीची बरी येते आणि दुपारची गगनाला भिडलेली असते. खेड्यापाड्यात ‘नसांवरची जालीम पुडी’ म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा स्टिरॉईडच कुटून घातलेले असते, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. इतकी वर्षे उसळी नाही, मग महागाचे औषध आता बंद करावे का? यावर अमेरिकेत ५५ वर्षांवरील २५९ रुग्णांचा एक अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. सगळे किमान पाच वर्षे उसळी नसलेले होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत दोन वर्षांत नवी उसळी किंवा नवा चट्टा दिसला, बंद केलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांत. बंद केलेल्यांतही बहुतेक जण ठीक राहिले, पण धोका शून्य नाही. वय, पूर्वीचा इतिहास, संसर्गाची भीती आणि खिसा, हे चारही पाहून न्यूरॉलॉजिस्टबरोबर बसून ठरवायची ही गोष्ट आहे.

रिपोर्टमधला एक शब्द

ज्यांना एम.एस. नाही अशांसाठीही दोन ओळी. डोके दुखते म्हणून साठीतला माणूस एम.आर.आय. काढतो, रिपोर्टमध्ये ‘डिमायलिनेशन’ किंवा ‘पांढरे ठिपके’ असा उल्लेख असतो, आणि मुलगा मोबाईलवर शोधून एम.एस.पर्यंत पोहोचतो. मग घरात रडारड. वाचकहो, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने आणि नुसत्या वयानेही मेंदूत असे ठिपके दिसतात. पन्नाशीनंतर नव्याने एम.एस. होतो, पण क्वचित. ठिपके कुठे आहेत, मज्जारज्जूत आहेत का, पाठीच्या पाण्यात काय सापडते आणि मुख्य म्हणजे पेशंटला तक्रार काय आहे, हे पाहून निदान होते. त्या बहुतेकांना गरज असते ती बी.पी. आटोक्यात ठेवण्याची.

हाडे, मन आणि लस

पडणे हा या पेशंटचा मोठा शत्रू. पाय अडखळतात, स्टिरॉईडने आणि उन्हात न जाण्याने हाडे ठिसूळ होतात, आणि मोरीच्या ओल्या फरशीवर खुब्याचे हाड मोडते. मोरीत आणि संडासात भिंतीला पकडायला लोखंडी दांडा बसवावा, उंच कमोड घ्यावा, रात्री छोटा दिवा असावा. काठी अधू पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक उलट धरतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टरांनी सांगितल्यानुसार, बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेऊन कॅल्शियम भलतेच वाढलेले पेशंट आम्ही पाहतो.

एम.एस.च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार गाठतो. उतारवयात तो ‘वय झाले’ या शब्दांखाली झाकला जातो. जेवण सुटले, बोलणे कमी झाले, टी.व्ही.वरची आवडती मालिकाही नको वाटू लागली, तर औषधाने फरक पडतो आणि थकवाही हलका होतो. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर तेही सांगावे, कारण त्यातून न्यूमोनिया होतो.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेता येते. नागिणीची नवी लसही निर्जीव आहे, जरा महाग आहे एवढेच. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असताना टाळाव्या लागतात.

शेवटी कागदपत्रांचे. १९९५ च्या अपंग कायद्यात या आजाराचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरले आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक भरले तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळून त्यावरील सवलतींची चौकशी करता येते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीला जायचे. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासून काम करणारी संस्था आहे, तिच्या मुंबई आणि पुणे शाखांकडून मार्गदर्शन मिळते. तपासणीला जाताना न्यूरॉलॉजिस्टचे कागद, एम.आर.आय.चा रिपोर्ट, आधारकार्ड आणि चालू गोळ्यांची यादी न्यावी. उन्हाळा असेल तर पेशंटला सकाळी लवकर न्यावे, आणि रांगेत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उभे राहावे.